शाल-श्रीफळ पुरे झालं, आता ठरावाची वही काढा

मित्रहो, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ‘एका ओळीत सांगा’ म्हणणाऱ्यांसाठी ती ओळ वर शीर्षकात आहे. बाकीच्यांनी निवांत वाचा.

येत्या १ मेला झेंडावंदन झालं की ग्रामसभा आहे. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागलीय. नेहमीच्या विषयांखाली, शेवटून दुसरा विषय: ‘वन्यजीव व पर्यावरण क्षेत्रात कार्यरत तरुणांचा सत्कार’. म्हणजे शाल, नारळ, गुलाबाचं एक फूल, सरपंचांबरोबर फोटो, आणि मग ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. गेली चार वर्षं हेच चाललंय. माझा या सत्काराला विरोध आहे.

पोरांना विरोध नाही, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या बातम्या मीच छापून आणल्यात. विरोध एवढ्यासाठी की सत्कार केला की गावाचं कर्तव्य संपलं असं आपण धरून चाललोय. ज्याला पगार द्यायला हवा त्याला आपण नारळ देतो. ज्याला अधिकार द्यायला हवा त्याला शाल पांघरतो. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, शाल!

ही पोरं कोण, ते एकदा लिहून ठेवतो. नावं टाकणार नाही, त्यांनाच नको आहेत. एक जण शाळेची व्हॅन चालवतो. एक डेअरीचं दूध गोळा करतो. मोबाईल दुरुस्तीवाला एक, मेंढरं राखणाऱ्या घरातला बारावी झालेला एक, एसटीतून निवृत्त झालेले एक काका, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई. ‘पोरं’ म्हणतोय खरं, पण काका एकसष्टचे आहेत आणि बाईंना दोन मुलं आहेत. आणखी पाच-सहा जण हाक मारली की येतात. संस्था नाही, लेटरहेड नाही, वर्गणीची पावती नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर गुड मॉर्निंग टाकायला बंदी.

माळाचं नेमकं ठिकाणही लिहीत नाही. आपल्या लोकांना ते कळलंय. बाहेरच्यांना पत्ता देऊन फायदा नाही, कारण लांडग्याची पिल्लं कुठल्या घळीत आहेत याचे पैसे मोजणारे कॅमेरेवाले आहेत आणि ससा-तित्तर कुठे मिळतं हे विचारणारे जीपवालेही. दोघांच्याही गाड्या रात्रीच येतात.

आता वणव्याचं. होळी झाल्यापासून एक आठवडा असा गेला नाही की माळावर कुठे ना कुठे धूर दिसला नाही. कारणं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. कुणी बांध पेटवतो आणि जेवायला घरी जातो. कुणाला वाटतं जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं. कुणी विडीचं थोटूक टाकतो, कुणी नुसती गंमत म्हणून काडी लावतो. वाळल्या कुसळीला आग लागली आणि वर पश्चिमेचा वारा सुटला की ती माणसाच्या पळण्यापेक्षा जोरात येते. ही पोरं तिच्यासमोर उभी राहतात ती कडुलिंबाचे, करंजाचे ओले डहाळे आणि भिजवलेली गोणपाटं घेऊन. वर्गणी काढून घेतलेला एक ब्लोअर आहे, त्याचं पेट्रोल ज्याच्या गाडीत असेल त्याच्या गाडीतून. पायात चपला. मागच्या मार्चमध्ये व्हॅनवाल्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्याचं बिल ग्रुपने भरलं. त्या महिन्याच्या सभेत गावाने काय केलं? अभिनंदनाचा ठराव.

लोक मला विचारतात, वन विभाग काय करतो? आता वनरक्षकाला शिव्या घालणं सोपं आहे, मी घालणार नाही. एका माणसाकडे किती गावांचा बीट असतो ते जाऊन बघा. मोटरसायकल त्याची स्वतःची, आणि दिवस अर्धा कागदात जातो. आगीची सूचना त्याला उपग्रहावरून मोबाईलवर येते, ही सोय देशभर आहे, भारतीय वन सर्वेक्षण ती चालवतं, आणि नाव नोंदवलं तर तुम्हा-आम्हालाही ती येऊ शकते. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळा डोक्यावरून जातो. जंगलातला वणवा दोन-दोन दिवस धुमसतो, तो सापडतो. गवताची आग तासाभरात सगळा माळ चाटून मोकळी होते. मेसेज येईपर्यंत तिथे राख असते. म्हणून माळावरच्या आगीला जवळ राहणारं माणूसच लागतं. दुसरा उपाय नाही. सरकारलाही हे माहीत आहे, पण तसं कबूल केलं तर त्या माणसाला हातमोजे, बूट आणि विमा द्यावा लागेल.

सर्पमित्रांचं उदाहरण ताजं आहे. वर्षानुवर्षं लोकांच्या घरातून, विहिरीतून नाग काढायचे आणि चावला तर नशीब. २०२५ मध्ये त्यांना ओळखपत्र आणि अपघात विमा देण्याची घोषणा झाली. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यात किती अंतर असतं ते पत्रकाराला शिकवू नका, पण निदान विषय तरी निघाला. वणवा विझवणाऱ्याचा विषयसुद्धा निघत नाही. कारण त्याच्या हातात नाग नसतो, त्यामुळे फोटो चांगला येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हा माळ वाचवायचा कशाला, असं अजूनही अर्ध्या गावाला वाटतं. ‘तिथं आहे काय?’ हे वाक्य मी सरपंचांकडून ऐकलंय, तलाठ्याकडून ऐकलंय आणि आमच्या घरातही ऐकलंय. सरकारी भाषेत त्याला ‘पडीक’ म्हणतात. इंग्रजांना ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता ती त्यांच्या लेखी ओसाड. इंग्रज गेले, शब्द राहिला. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह आजही गवताळ मुलखाचा मोठा भाग पडीक म्हणून रंगवतो. शब्द एवढा साधा, पण त्याने जेवढी जमीन गिळली तेवढी कुठल्या बिल्डरने गिळली नसेल.

‘तिथं आहे काय’ त्यांच्यासाठी सांगतो. पवना, मारवेल, डोंगरी, शेडा, कुसळी ही गवतं आहेत आणि ती कुणी पेरलेली नाहीत. त्यांच्यावर धनगरांची मेंढरं जगतात, तुमची-आमची शेरडं जगतात आणि चिंकारा जगतो. त्या गवताच्या बुडाला, उघड्या जमिनीवर, धाविक, चंडोल, टिटवी अंडी घालतात. झाडावर घरटं करणारा पक्षी तरी आगीतून वाचेल, यांचं घरटंच जमिनीवर असतं. थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येतात आणि रात्री या गवतात मुक्काम करतात. खोकड आहे, तरस आहे, घोरपड आहे. आणि लांडगा आहे. चिंकारा आणि लांडगा दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या कागदावर वाघाच्या रांगेत. वाघ बघायला लोक ताडोब्याला हजारो रुपये मोजतात. त्याच रांगेतला लांडगा आपल्या उसाच्या कडेने जातो आणि आपण दगड मारतो.

कुणी म्हणेल, सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे ना. आहे. १९९७ साली झालं, पाच चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. पण चिंकारा काही सातबारा बघून चरत नाही. बारामती, दौंड, इंदापूर, पुरंदर या आपल्या पट्ट्यातलं बहुतेक जंगली जित्राब अभयारण्याच्या बाहेरच राहतं. वनजमिनीत, गायरानात, कुणाच्या तरी पडक्या शेतात. तिथे पहारेकरी नाही, कुंपण नाही, पाटी नाही. आणि नुसती पाटी लावूनही भागत नाही. सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर केलं, क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आली, बाजारपेठा आल्या, लोकांना घर बांधायचं झालं तरी कटकट. मग वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या होऊन ते १,२२२ वर आलं. या सगळ्यात आसपासच्या माणसाला माळढोक आपला वाटेल असं काही घडलं नाही. आज तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी होते. म्हणून म्हणतो, गाव बाजूला ठेवून माळ वाचत नाही. आणि गाव सोबत घ्यायचं म्हणजे चार पोरांना घेऊन फोटो काढायचा असंही नाही.

झाडं लावण्याबद्दल लिहिलं की मला हमखास शिव्या पडतात. पडू द्या. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटींहून जास्त झाडं लावायची मोहीम झाली. पहिल्या वर्षी दोन कोटी, मग चार, मग तेरा, मग तेहतीस. आकडा दरवर्षी फुगत गेला, खड्डे खणायला जागा कुठून आणायची? मग दिसला माळ. खड्डे खणायला सोपा, विरोध करायला कुणी नाही. चर खणले, गवताची मुळं उपटली आणि गिरिपुष्प म्हणजे आपली उंदीरमारी लावली, सुबाभूळ लावली. जिथे पाऊसच जेमतेम वीस इंच पडतो तिथे टँकरने पाणी घालून झाडं जगवायची आणि टँकर थांबला की ती वाळायची. गवत गेलं ते गेलंच, झाडंही नाहीत, राहिल्या त्या ओळीने खड्ड्यांच्या खुणा. या मोहिमेच्या चौकशीसाठी पुढे विधिमंडळाची समिती नेमावी लागली, एवढंच लक्षात ठेवा.

झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. ओढ्याच्या कडेला लावा, शाळेच्या आवारात लावा, रस्त्याच्या दुतर्फा जी वडाची झाडं रुंदीकरणात कापली त्यांच्या जागी लावा. बांधावर बोर, बाभूळ, कडुलिंब लावा की. माळाला मात्र माळच राहू द्या. दर जूनला शहरातून बसने येऊन माळावर सीडबॉल फेकणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती: तुमच्या सोसायटीच्या मागे टेकडी असेल तर तिथे फेका. आमच्या पोरांचा पुढचा रविवार त्या गोळ्यांसोबत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करण्यात जातो.

पोरांवरही एक टीका करतो, म्हणजे मी त्यांचा भाट आहे असं कुणी म्हणायला नको. सिमेंटचे पाणवठे बांधायचा जो उत्साह आहे तो जरा आवरा. पाणी ठेवावं, एप्रिल-मेमध्ये ठेवायलाच हवं. पण एकाच जागी रोज टँकर ओतला की तिथे चिंकारा येतो, त्याच्या मागे भटकी कुत्री येतात आणि त्यांच्यामागे बंदूकवालाही येतो. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय आणि त्यांनी यंदा दोन पाणवठे बंद करून चार ठिकाणी लहान लहान केले. ऐकतात. म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

कुत्र्यांवरून आठवलं. माळावरच्या चिंकाऱ्याचा सगळ्यात मोठा वैरी आज कोण, विचारा धनगराला. तो बिबट्या म्हणणार नाही, लांडगाही म्हणणार नाही. कुत्री म्हणेल. आणि ही कुत्री तिथे आली कुठून? पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून माळाच्या कडेला टाकणारे आपल्यातलेच आहेत. रात्री पिकअप येतो, पोती पडतात, सकाळी तीस-चाळीस कुत्र्यांची पंगत. कोंबड्या संपल्या की ती कळपाने पाडसांच्या मागे लागतात. शिवाय त्यांचे आजार लांडग्यांना लागतात. आणि पुणे परिसरात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं अलीकडे शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणीतून सिद्ध केलंय. म्हणजे गोळी न घालता लांडगा संपवायचा उपाय आपण शोधून काढलाय, मेलेल्या कोंबड्यांच्या खर्चात. एक खड्डा खणून चुना टाकून पुरायला किती पैसे लागतात हो? पोल्ट्रीवाल्यांत माझे मित्र आहेत, ते हे वाचणार आहेत, चहाला बोलवायचे बंद झाले तरी चालेल.

आता त्या वहीबद्दल, ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याचं कलम ४१ सांगतं की प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची. प्रत्येक, म्हणजे आपलीही. त्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात, गावातली जाणकार माणसं हवीत. या समितीने गावातल्या लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची: कुठलं गवत, कुठला पक्षी, कुठलं देशी बियाणं, कुठली औषधी वनस्पती, कोणाला काय माहीत आहे. तिच्या हद्दीतल्या जैविक साधनांबद्दल राज्याच्या किंवा केंद्राच्या मंडळाला निर्णय घ्यायचा असेल तर या समितीशी सल्लामसलत करावी लागते. व्यापारासाठी गावातून कुणी वनस्पती गोळा करत असेल तर समिती त्याच्याकडून शुल्क घेऊ शकते. तिचा स्वतःचा निधी असू शकतो. हा कायदा तयार करण्यात आणि नोंदवहीची कल्पना मांडण्यात आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. म्हणजे शेजारच्या घरात शिजलेलं अन्न, आणि आपणच उपाशी.

पंधरा-सोळा वर्षं बहुतेक गावांनी यातलं काही केलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर प्रत्येक राज्याने महिन्याला दहा लाख रुपये भरा. मग काय, वरून खाली पळापळ. जे काम गावाने वर्षभर बसून, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून करायचं, ते कंत्राटावर उरकायला सुरुवात झाली.

आपल्या गावची नोंदवही बघायला मिळावी म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला. तीस दिवसांची मुदत, उत्तर आलं दोन महिन्यांनी, तेही अपिलाची नोटीस गेल्यावर. स्पायरल बायंडिंगची वही हातात आली. कव्हरवर धबधबा. आपल्या गावात धबधबा कुठाय? आत प्राण्यांच्या यादीत शेकरू. शेकरू, मंडळी! जिला सलग उंच झाडी लागते ती भीमाशंकरची खार आपल्या बोडक्या माळावर उड्या मारतेय. चिंकारा यादीत नाही. लांडगा नाही. गवतांच्या रकान्यात एकच शब्द, ‘गवत’. समितीच्या सदस्यांत आठ नावं, त्यातल्या तिघांना मी जाऊन भेटलो, तिघांनाही आपण सदस्य आहोत हे माझ्याकडून कळलं. एक बाई म्हणाल्या, ‘मला वाटलं बचत गटाची सही आहे.’

या वहीवर शासनाच्या खात्यात ‘पूर्ण’ असा शिक्का आहे.

कुणी म्हणेल, कागदच तो, एवढं काय. तर ऐका. उद्या माळावर कुठलाही प्रकल्प आला तर पहिल्यांदा विचारलं जाणार, तिथे काय आहे? आणि आपली अधिकृत वही उत्तर देणार: काही नाही, गवत. हे उत्तर आपण स्वतः सही-शिक्क्यानिशी देऊन ठेवलंय. मुरूमवाले हेच म्हणतात. गौण खनिजाच्या परवान्यात जेवढे ब्रास लिहिलेत त्याच्या कितीतरी पट टेकडी गेली, पूर्वेची बाजू तर ताटलीसारखी सपाट झालीय. महसूल कायद्यात बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपट दंडाची तरतूद आहे. पण पंचनामा करायला कुणी तक्रार करायला हवी, आणि तक्रार करणारा व्हॅनवाला असला की दुसऱ्या दिवशी शाळेच्या ट्रिपा दुसऱ्याला जातात. हे घडलंय. कुणी केलं ते गावाला माहीत आहे.

सोलरचंही तेच. दिवसा वीज मिळायला हवी, याबद्दल दुमत नाही. रात्री दोनला मोटर चालू करायला उसात जाताना बिबट्याची भीती ज्याला वाटते तो शेतकरी मीही आहे. पण सौर कृषी वाहिनीसाठी जागा शोधताना पहिलं बोट गायरानाकडे का जातं? खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं देण्याची तरतूद त्याच योजनेत आहे. ज्याची खडकाळ जमीन पडून आहे त्याला ते चार पैसे मिळू देत. गायरान एकदा गेलं की मेंढरं जाणार कुठे? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्या असं सगळ्या राज्यांना बजावलं होतं. त्या निकालाचा आपल्याकडे आठवण गरिबाच्या झोपडीवर बुलडोझर नेतानाच येते.

आता कुणी म्हणेल, पत्रकार साहेब, हे सगळं पुस्तकी आहे, गावात होत नसतं. होतं. लांब कशाला जाता, कोकणात बघा. मंडणगड तालुक्यातलं वेळास, तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन २००२ पासून समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी अंडी चोरीला जायची. आज कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक मुक्कामाला येतात, घराघरात राहतात, जेवतात, पैसे गावात राहतात. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डेच्या लोकांनी देवराई म्हणून राखलेली रानटी जायफळाची दलदल आणि आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडात सापडलेला एक छोटासा मासा, या दोन्हींच्या जागा याच जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळं झाल्या. एका माशासाठी! गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तर वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय बांबू हलत नाही. आणि अगदी आपल्या उंबऱ्यावर, कडबनवाडी आणि शिर्सुफळला वन विभाग २०२४ पासून गवताळ सफारी चालवतोय, ऑनलाइन बुकिंग, गावातलीच पोरं गाईड. काल ‘तिथं आहे काय’ म्हणायचे, आज तेच बघायला लोक तिकीट काढतात.

सफारीनेच सगळं भलं होईल असं मी मानत नाही. गाड्या वाढल्या की वेगळी डोकेदुखी. पण माळाची किंमत गावाला कळण्याचा तो एक रस्ता आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मेंढपाळांचा आहे. लांडग्याने वाघरात शिरून चार मेंढरं मारली की नुकसान धनगराचं, आणि ‘लांडगा वाचवा’ म्हणणारा असतो मास्तर, ड्रायव्हर नाहीतर माझ्यासारखा लिहिणारा. नुकसानभरपाई आहे, पण तिच्यासाठी पंचनामा वेळेत व्हावा लागतो, मेलेलं जनावर जागेवर ठेवावं लागतं, आणि वाडा तर रोज पुढच्या गावाला चाललेला. बँकेचं पासबुक कुठल्या गावचं, मेंढरू मेलं कुठल्या गावात. या भानगडीत पैसे मिळेपर्यंत पुढची जत्रा येते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या लांडग्याला माळावर राहू दिलं ते याच लोकांनी. आमच्या ग्रुपमधला मेंढरांच्या घरातला पोरगा गेल्या दोन वर्षांत असे पंचनामे स्वतः धावपळ करून करवून घेतोय, तालुक्याला खेटे घालून. सत्कारात त्याचं नाव शेवटी असतं, कारण तो भाषण करत नाही.

तर १ मेला काय करायचं. सत्काराचा विषय आला की कुणीतरी उठून म्हणायचं, सत्कार नको, समिती बदला. जुनी कागदी समिती बरखास्त करून नवी नेमा, तिच्यात ही माणसं घ्या, मेंढपाळ घ्या, माळावर गवत-सरपणाला जाणाऱ्या बायका घ्या, ज्यांना जुनी गवतं ओळखता येतात अशी दोन म्हातारी माणसं घ्या. नोंदवही नव्याने करायचा ठराव, शेकरूला निरोप देऊन. जानेवारी-फेब्रुवारीत, गवत पेटायच्या आधी, वन विभागाबरोबर जाळरेषा काढायच्या, आणि त्याची मजुरी पंचायतीच्या आराखड्यात धरायची. आग विझवणाऱ्यांचा अपघात विमा पंचायतीच्या खर्चाने. बूट आणि हातमोजे. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणाऱ्याला दंड, आणि तो दंड पंचायत सदस्याच्या मेव्हण्यालाही लागू. समिती म्हणजे जादूची कांडी नाही, ती मुरमाचा डंपर अडवू शकणार नाही. पण डंपरवाल्याविरुद्ध तक्रार जाईल ती एकट्या व्हॅनवाल्याच्या नावाने जाणार नाही, कायद्याने नेमलेल्या समितीच्या लेटरहेडवर जाईल. ट्रिपा तोडायच्या तर सगळ्यांच्या तोडा.

महिलांची ग्रामसभा आधी घ्यावी लागते. ती दरवेळी सह्यांवर उरकली जाते, यंदा ती खरोखर होऊ द्या. शाळेतल्या बाई ३० एप्रिलला दुपारी चारला समाजमंदिरात थांबणार आहेत.

आणि गणपूर्तीचं लक्षात ठेवा. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी असतील तेवढे लोक हजर लागतात. आपल्या गावाला म्हणजे शंभर. ते भरले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग आठवड्याने दुपारी बारा वाजता नऊ माणसं बसतात आणि वर्षाचे ठराव पास होतात. आपल्या वहीतलं शेकरू असंच पास झालंय, ती तारीख आणि हजेरीचं पान माझ्याकडे आहे.

ठरावाचा मसुदा एका पानाचा आहे. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या प्रती ठेवल्यात, पैसे दिलेले आहेत, मागितलं की मिळेल. सभा सकाळी साडेनऊला मारुतीच्या देवळासमोर. सही करायची ती हजेरीच्या वहीत, आणि वहीवर तारीख व वेळ आधी लिहिली आहे का ते बघून मगच.